चरबी नसलेला बीफ स्टेक ओव्हनमध्ये रसाळ कसा ठेवायचा

वसईला आमच्या घरी बीफ शिजायचं ते झाकण ठेवून, भरपूर रश्श्यात, आणि आईच्या एकाच प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येईपर्यंत: मऊ झालं का? नसेल झालं तर आणखी दोन शिट्ट्या. त्यामुळे कॅनडात आल्यावर पहिला स्टेक ओव्हनमध्ये ठेवला तेव्हा मीही तेच केलं. वीस मिनिटांनी काटा टोचला, कडक लागला, म्हणून आणखी पंधरा मिनिटं ठेवला. तरी कडक, म्हणून आणखी दहा. शेवटी ताटात आलं त्याला सुरी लागेना. नवऱ्याने एक शब्द न बोलता फ्रिजमधलं कालचं वरण काढून गरम केलं.

मटण-बीफ मऊ होईपर्यंत शिजवायचं हे आपल्या हाताला इतकं बसलेलं असतं, की याच्या उलटही काही असू शकतं हे पटायला वेळ लागतो. मांस दोन कारणांनी चिवट लागतं. एक म्हणजे त्यातलं कोलॅजन, तो पांढरट चिकट पडदा नि शिरा. तो ७० अंश सेल्सियसच्या पुढे, ओलाव्यात, तासन्‌तास राहिला की विरघळून लुसलुशीत होतो. नळी, खांदा, पाया हे सगळं याच कारणाने रश्श्यात छान लागतं. दुसरं कारण म्हणजे स्नायूंचे धागे स्वतःच. ते तापले की आकसतात आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी बाहेर काढतात. साधारण ५० अंशांपासून पहिलं आकसणं सुरू होतं, आणि ६५-७० च्या आसपास दुसरं, जास्त जोराचं.

चरबी नसलेल्या स्टेकमध्ये कोलॅजन बेताचं आणि चरबी जवळपास नाहीच. म्हणजे जास्त शिजवून विरघळायला आत काही नाही, आणि पाणी गेलं तर ते झाकायला तूप-चरबीही नाही. रिब-आयसारखा चरबीने जाळीदार झालेला स्टेक पाच अंश जास्त तापला तरी खपून जातो. हा खपत नाही. म्हणून खालची सगळी पद्धत एकाच गोष्टीसाठी आहे: मांसाचा मधला भाग हव्या त्या अंशावर हळूहळू न्यायचा आणि तिथेच थांबवायचा.

पाकीट वाचायला शिका

इथल्या दुकानांत पाकिटावर निम्मं उत्तर छापलेलंच असतं. कापाच्या नावापुढे ‘ग्रिलिंग स्टेक’, ‘मॅरिनेटिंग स्टेक’ किंवा ‘सिमरिंग स्टेक’ लिहिलेलं असतं. ग्रिलिंग म्हणजे नुसत्या आचेवर चालेल. मॅरिनेटिंग म्हणजे धागे जाड आहेत, आधी मुरवा आणि पातळ कापा. सिमरिंग म्हणजे आपला रस्सा. तो स्टेक म्हणून ओव्हनमध्ये घालूच नका, कितीही स्वस्त असला तरी.

कमी चरबीच्या कापांत माझी पहिली पसंती टॉप सरलॉइनला. कडेची चरबीची पट्टी काढली की आत फार थोडी उरते, चव दणकट असते आणि पैसे आवाक्यात राहतात. टेंडरलॉइनही कमी चरबीचा आणि लोण्यासारखा मऊ, पण त्याची किंमत बघून मी बहुतेकदा पुढे सरकते. शिवाय चवीला तो सरलॉइनपेक्षा मवाळ. इनसाइड राउंड आणि आय ऑफ राउंड हे मागच्या मांडीचे काप सगळ्यांत कोरडे नि सगळ्यांत स्वस्त. त्यांचं वेगळं खाली लिहिते.

नावांचा घोळ मात्र सांभाळा. इथला आणि अमेरिकेतला टॉप सरलॉइन तो इंग्लंडातला ‘रंप’. इंग्लंडात ‘सरलॉइन’ म्हणून जे विकतात ते आमच्याकडचं ‘स्ट्रिप लॉइन’. आमचा इनसाइड राउंड अमेरिकेत ‘टॉप राउंड’ होतो आणि इंग्लंडात ‘टॉपसाइड’. लंडनच्या भावजयीला मी फोनवर सरलॉइन आण म्हणून सांगितलं आणि तिने आणला तो जाड पांढऱ्या कडेचा स्ट्रिप. छान झाला, पण तो हा पदार्थ नव्हे.

दर्जाची अक्षरंही पाहा. कॅनडात ए, डबल ए, ट्रिपल ए आणि प्राइम असे दर्जे आहेत, आणि वयाच्या वगैरे अटी सारख्याच असल्याने त्यांतला फरक मुख्यतः मांसात विखुरलेल्या चरबीचा. ए मध्ये ती नावापुरती, प्राइममध्ये भरपूर. कमी चरबी हवी म्हणून मुद्दाम ए शोधायची गरज नाही. टॉप सरलॉइन डबल ए किंवा ट्रिपल ए घ्या. चमचाभर चरबीने तब्येतीला फारसा फरक पडत नाही, पण स्टेकला पडतो. आणि एक: खिम्याच्या पाकिटावर ‘लीन’ दिसलं तर हुरळू नका. इथे ‘लीन’ खिम्यात १७ टक्क्यांपर्यंत चरबी चालते, ‘एक्स्ट्रा लीन’मध्ये १० टक्क्यांपर्यंत.

जाडी हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, आणि दुकानदार नेमका तिथेच हात आखडता घेतात. ट्रेमधले तयार स्टेक बहुतेक दोन-अडीच सेंटीमीटरचे असतात. ओव्हनच्या सावकाश पद्धतीला दीड इंच, म्हणजे जवळजवळ ४ सेंटीमीटर हवेत. मांसाच्या काउंटरवर जाऊन दीड इंच कापून द्या म्हणा, कापून देतात. नाहीतर टॉप सरलॉइनचा छोटा रोस्ट घ्या आणि घरी आडवा कापा. चौघांसाठी दोन पातळ स्टेक घेण्यापेक्षा एक जाड ७००-८०० ग्रॅमचा घेऊन वाटून खावा, हे माझं ठाम मत.

शेवटचं लेबल बारीक अक्षरांत असतं पण ते चुकवू नका: ‘मेकॅनिकली टेंडराइझ्ड’. म्हणजे मांस मऊ करण्यासाठी त्यात सुया किंवा पाती टोचलेली आहेत. टोचताना बाहेरच्या पृष्ठभागावरचे जंतू आत जाऊ शकतात. ऑगस्ट २०१४ पासून कॅनडात हे लेबलवर लिहिणं सक्तीचं आहे, आणि अशा स्टेकला मध्यभागी ६३ अंश गाठायलाच हवेत, शिजताना किमान दोनदा उलटायलाही हवं. मला लालसर खायचं असतं तेव्हा मी हे पाकीट उचलत नाही.

किती अंश?

इथलं आरोग्य खातं अखंड बीफच्या कापाला ६३ अंश म्हणजे मीडियम-रेअर, ७१ म्हणजे मीडियम आणि ७७ म्हणजे वेल-डन धरतं. रेस्टॉरंटवाल्यांचा हिशेब खालचा असतो: ५४ ते ५७ मीडियम-रेअर, ६० ते ६३ मीडियम. एकाच शब्दाचे दोन अर्थ असल्याने मी शब्द सोडून दिलेत, आकडाच धरते.

टॉप सरलॉइन मला ५७ वर आवडतो. मधोमध गुलाबी, धागा सैल, ताटात पाणी थोडंसंच. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं किंवा गरोदर बाई असेल तर ६३ च्या खाली जात नाही, आणि ६३ वरही तो खाण्यालायक असतो, फक्त पातळ कापावा लागतो. ७० च्या पुढे गेलात तर मात्र माझ्याकडे तक्रार आणू नका. कुणाला अजिबात लाल चालत नसेल तर त्यांच्यासाठी दुसरा काप घ्या, खांद्याचा, आणि सरळ रस्सा करा. तो त्यांनाही जास्त आवडेल.

आई इथे आली होती तेव्हा मी पहिला तुकडा कापला आणि ती म्हणाली, “अगं, रक्त आहे अजून.” रक्त नाही ते. रक्त जनावर कापल्यावर निथळून गेलेलं असतं. हे मायोग्लोबिन, स्नायूंतलं लाल प्रथिन, पाण्यात विरघळलेलं. ते तापत जातं तसं लालाचं गुलाबी आणि गुलाबीचं तपकिरी होतं. आईला हे पटलं असं म्हणवत नाही. तिने कडेचे तुकडे खाल्ले.

सामान

अंश मोजणारं थर्मामीटर नसेल तर हा लेख इथेच बाजूला ठेवा आणि आधी ते आणा. बोटाने दाबून कळतं म्हणणारे लोक रोज शंभर स्टेक भाजतात. आपण महिन्यातून एक. टोक बारीक असलेलं, दोन-चार सेकंदांत आकडा दाखवणारं कुठलंही चालेल. आणल्यावर ग्लासभर बर्फात थोडं पाणी घालून त्यात बुडवा, शून्य दाखवायला हवं. तार लावून मांसात खोचून ठेवायचं मिळालं तर उत्तम, ओव्हनचं दार उघडावं लागत नाही.

बाकी घरात असतंच: कडा असलेला ट्रे, त्यावर बसणारी तारेची जाळी, आणि बिडाचा तवा. आपला भाकरीचा बिडाचा तवा चालतो, फक्त तूप ओघळणार नाही इतपत खोलगट असू द्या. नॉनस्टिक या कामाला नको, इतक्या उष्णतेला त्याचा थर टिकत नाही.

आदल्या रात्री मीठ

मीठ मांसाच्या वजनाच्या एक टक्का. ८०० ग्रॅमला ८ ग्रॅम, म्हणजे साध्या बारीक मिठाचा सपाट सव्वा चमचा. खडेमीठ असेल तर चमच्यावर जाऊ नका, वजन करा, कारण खड्यांमधल्या हवेने चमचा फसवतो. स्टेक कागदाने टिपून घ्या, सगळ्या बाजूंना, कडांनाही मीठ लावा, जाळीवर ठेवा, आणि न झाकता फ्रिजच्या सगळ्यांत खालच्या कप्प्यात ठेवून द्या.

अर्ध्या तासाने पाहिलंत तर वर पाण्याचे मणी आलेले दिसतील आणि वाटेल, गेला सगळा रस. थांबा. ते पाणी मीठ विरघळवतं आणि खारट होऊन पुन्हा आत जिरतं. मिठामुळे धाग्यांतली काही प्रथिनं सैल होतात, त्यामुळे तापल्यावर ते कमी आकसतात आणि पाणी धरून ठेवतात. सकाळपर्यंत पृष्ठभाग कोरडा, गडद, किंचित कागदासारखा झालेला असतो. तोच कोरडेपणा तव्यावर कामाला येतो. रात्री विसरलात तर किमान पाऊण तास आधी लावा. तेवढाही वेळ नसेल तर अगदी भाजायच्या क्षणी लावा. दहा-वीस मिनिटं आधी लावणं सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा पाणी बाहेर आलेलं असतं आणि परत गेलेलं नसतं.

मिरपूड, लसूण, मसाला काही लावू नका. तव्यावर जळून कडू होतं.

ओव्हन

इथले ओव्हन फॅरेनहाइटमध्ये बोलतात. २५० लावा, म्हणजे १२१ सेल्सियस. पंखा फिरणारा ओव्हन असेल तर २२५. हो, इतकंच. केकपेक्षाही कमी. ४०० फॅरेनहाइटवर ठेवलं तर मधला भाग ५५ सेल्सियसला पोचेपर्यंत बाहेरचा बोटभर थर ७५ ओलांडून करडा आणि कोरडा झालेला असतो. १२० सेल्सियसवर सगळा तुकडा जवळजवळ एकसारखा तापतो आणि कापल्यावर कडेपासून कडेपर्यंत एकच रंग दिसतो. शिवाय आकडा सावकाश चढतो, त्यामुळे तुम्ही फोनवर दोन मिनिटं जास्त बोललात तरी घात होत नाही.

फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी ठेवत नाही. एवढा जाड तुकडा तासाभरात मधोमध जेमतेम काही अंश चढतो. ओव्हन ते काम जास्त बरं करतो.

स्टेकला चमचाभर तेल चोळा. जाळीवर ठेवा, जाळी ट्रेवर, ट्रे मधल्या कप्प्यात. थर्मामीटर वरून नाही, बाजूने खोचा, टोक बरोबर मध्यभागी येईल असं. गेल्या रविवारचा माझा हिशेब सांगते. ७८० ग्रॅमचा, ४ सेंटीमीटर जाड, फ्रिजमधून थेट. दहा मिनिटांनी ९ अंश. वीस मिनिटांनी २३. तीस मिनिटांनी ३८. इथपर्यंत वरून तो अगदी केविलवाणा दिसतो, राखाडी-तपकिरी, उकडल्यासारखा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं चुकलं काहीतरी आणि तो ओव्हन वाढवतो. वाढवू नका. चाळिसाव्या मिनिटाला ५१ झाले आणि बाहेर काढला.

५७ हवे असतील तर ५१ ला काढा, ६३ हवे असतील तर ५७ ला. उरलेले सहा अंश तवा आणि नंतरची उष्णता मिळून भरतात. वेळेवर विश्वास ठेवू नका; तुमचा ओव्हन आणि माझा ओव्हन एकच आकडा लावला तरी पंधरा-वीस अंशांनी वेगळे असू शकतात.

तवा

स्टेक बाहेर काढायच्या पाच मिनिटं आधी तवा मोठ्या आचेवर ठेवा. चिमणीचा पंखा पूर्ण वेगात, बाल्कनीचं दार उघडं. आमच्या बिल्डिंगमध्ये धुराचा अलार्म इतका संवेदनशील आहे की पहिल्या वर्षी समोरच्या आजीबाईंना माझं स्टेकचं वेळापत्रक पाठ झालं होतं. अलार्मची बॅटरी काढायचा मोह होतो, काढू नका. टॉवेल हलवायला एक माणूस उभा करा.

तव्यात दीड चमचा साजूक तूप. लोणी जळतं, कारण त्यात दुधाचा साका असतो. तुपातून तो काढलेला असल्याने ते बिनतक्रार तापतं. तूप हलकं धुरकटलं की स्टेक पुन्हा एकदा कागदाने टिपून तव्यात ठेवा. अर्ध्या मिनिटाने उलटा. पुन्हा अर्ध्या मिनिटाने. असं चार-पाच वेळा. एकदाच उलटायचा हा नियम कुणी केला माहीत नाही, पण सारखा उलटल्याने आतला भाग जास्त तापत नाही आणि रंग दोन्हीकडे सारखा येतो. शेवटी चिमट्याने उभा धरून कडा फिरवून घ्या. सगळं मिळून अडीच-तीन मिनिटं. त्यापेक्षा एक सेकंदही जास्त नाही.

कांदा परतताना तो आधी घाम सोडतो, पाणी आटतं, मग कुठे लाल होतो. मांसाचंही तेच. पृष्ठभाग ओला असेल तोवर तो १०० अंशांवर अडकून राहतो, आणि खमंग तांबूस रंग येणारी क्रिया जोरात चालते ती साधारण १४० च्या पुढे. लुई-कामील मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं. आपला स्टेक रात्रभर फ्रिजमध्ये आणि चाळीस मिनिटं ओव्हनमध्ये सुकलेला आहे, म्हणून तीन मिनिटांत काम होतं.

‘आधी चटका द्या, म्हणजे रस आत कोंडला जातो’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. ही कल्पना युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ च्या लिखाणापासून पसरली आणि ती चुकीची आहे. तव्यावर चर्र आवाज येतो तो पाणी बाहेर पडून वाफ होण्याचाच आवाज. कोंडलं गेलं असतं तर तवा गप्प बसला असता.

आच बंद केल्यावर लोण्याचा तुकडा आणि दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या तव्यात टाकून चमच्याने स्टेकवर घालायला हरकत नाही. आमच्याकडे वेगळं करतात: ३० ग्रॅम मऊ लोण्यात अर्धा चमचा बॉटल मसाला (वसईकडचा बाटलीत भरून ठेवायचा तिखट मिश्र मसाला) आणि चार थेंब व्हिनेगर कालवून ठेवायचं, आणि कापलेल्या स्टेकवर वितळू द्यायचं. ज्यांच्याकडे बॉटल मसाल्याची बाटली नाही त्यांनी काळी मिरी आणि चिमूटभर काश्मिरी तिखट वापरावं. तेवढं झणझणीत होणार नाही, पण वाईटही नाही.

सुरी

पाच मिनिटं जाळीवर थांबू द्या. जोरदार आचेवर केलेल्या स्टेकला जास्त थांबावं लागतं, याला नाही, कारण आत-बाहेर उष्णतेत फार फरकच नसतो.

आता थांबून मांसाकडे नीट पाहा. त्यावर समांतर रेघा दिसतील, ते धागे. सुरी त्यांना आडवी चालली पाहिजे. सुंभ ओढून तुटत नाही, पण त्याचेच नखभर तुकडे केले की काथ्या आपोआप सुटा होतो. इथेही तसंच: धागा जितका आखूड, तितकं दातांचं काम कमी. धाग्यांच्या दिशेने कापलेला आणि आडवा कापलेला, एकाच स्टेकचे दोन तुकडे शेजारी ठेवून एकदा खाऊन बघा. मी पाहुण्यांना हा खेळ करून दाखवते, कुणाचाच विश्वास बसत नाही की ते एकच मांस आहे. टॉप सरलॉइन मोठा असेल तर त्यात धाग्यांची दिशा मध्येच बदलते. तिथे तुकडा वेगळा करा, फिरवा आणि मग कापा. पाव इंचाचे काप, सुरी किंचित तिरकी. ६३ वर नेलेला असेल तर याहून पातळ.

मॅरिनेटिंग स्टेक असेल तर

इनसाइड राउंड आणि आय ऑफ राउंडला ओव्हनची पद्धत तीच, पण दोन बदल. तापमान आणखी खाली, २०० ते २२५ फॅरेनहाइट, म्हणजे वेळ तासाच्या आसपास किंवा जास्त. आणि शेवटचा आकडा ५७ च्या वर जाऊ देऊ नका. ज्यांना ६३ लागतात त्यांनी हे काप स्टेक म्हणून घेऊच नयेत.

मुरवण्याबद्दल गैरसमज बरेच. आंबट रस आणि मसाले रात्रभरातही पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरच जातात. खोल जातं ते मुख्यतः मीठ. म्हणून मॅरिनेडमध्ये मीठ किंवा सोया सॉस असलाच पाहिजे. बाकी व्हिनेगर, लसूण, मोहरी, तेल हे बाहेरच्या चवीसाठी. आलंही, पण बेतानं. आणि कच्च्या पपईचा मोह टाळा. रश्श्याच्या मटणाला ती चालते, कारण पुढे सगळंच मऊ होणार असतं. इथे तिचा चीक वरचा थर लापशीसारखा करतो आणि आतला धागा होता तसाच ठेवतो. तोंडात आधी भुसा येतो, मग रबर. हेही मी करून बसले आहे.

तव्यावर टाकण्याआधी मॅरिनेड पूर्ण पुसून काढा. आणि हे काप कागदाइतके पातळ कापा, धारदार सुरी नसेल तर आधी सुरीला धार लावा.

पातळ स्टेक, घाईची संध्याकाळ

अडीच सेंटीमीटरपेक्षा पातळ स्टेकला वरची पद्धत जमत नाही. तव्यावरच्या तीन मिनिटांत तो आतून पार होऊन जातो. त्याला ओव्हनचा ब्रॉयलर, म्हणजे वरच्या कॉइलची थेट आच. जाळी कॉइलपासून १० सेंटीमीटरवर, ब्रॉयलर दहा मिनिटं आधी सुरू, बिडाचा तवा आतच तापू द्यायचा. स्टेक कोरडा करून, तेल लावून त्या तापल्या तव्यात. एका बाजूला तीन मिनिटं, उलटून दोन, आणि लगेच आकडा पाहायचा. हवा त्याच्या तीन-चार अंश आधी बाहेर. समोरून हलायचं नाही, फोन उचलायचा नाही.

मुंबई-वसईत असाल तर

महाराष्ट्रात गाय १९७६ च्या कायद्यापासूनच संरक्षित होती, २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे तिथे ‘टेंडरलॉइन’ किंवा ‘अंडरकट’ म्हणून मिळतो तो म्हशी-रेड्याचा. हे मांस मुळातच कमी चरबीचं आणि रंगाने गडद, त्यामुळे ही पद्धत त्याला चपखल बसते. फक्त रंगावरून अंदाज करू नका. गडद मांस शिजलंय त्यापेक्षा कच्चं वाटतं किंवा उलटही. ताजं कापलेलं, फ्रिज न पाहिलेलं मांस आणलं असेल तर दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग करा, फरक जाणवतो. आणि बाजारातलं मांस मी तिथे ६३ च्या खाली खात नाही. ओटीजी असेल तर १२० वर ठेवा, तव्याआधी एकदा बाजू बदला, कारण छोट्या ओव्हनमध्ये कॉइलजवळची बाजू पुढे पळते.

उरलं तर

मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. इतकी मेहनत करून राखलेला आकडा तिथे एका मिनिटात ७५ ला जातो. थंडच, पातळ कापून, पावात मोहरी आणि कच्च्या कांद्याबरोबर खा. किंवा चिली फ्राय: कांदा, सिमला मिरची, हिरवी मिरची, व्हिनेगर मोठ्या आचेवर परतून घ्या, आच बंद करा, आणि मग काप घालून दोनदा हलवा. तव्याच्या धगीवर तेवढे गरम होतात. फ्रिजमध्ये डब्यात तीन दिवस राहतो. डब्याच्या तळाशी जमलेलं लाल पाणी फेकू नका, कांदा परतताना त्यातच घाला.